बॉनेट गरम होतं

मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. डोळे मिटले की आजूबाजूची माणसं आपोआप गप्प बसतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालं होतं. गाडी विकणारा गृहस्थ बोलता बोलता थांबला. भाचीने खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पिशवी वाजली तर मामांचं काहीतरी ऐकायचं राहून जाईल, अशी तिला धास्ती असावी.

बॉनेट गरम होतं. चटका बसावा असं नाही. नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं. सकाळचे साडेसात वाजले होते, गाडी भिंतीच्या सावलीत उभी होती, आणि आत्ता दोन मिनिटांपूर्वीच त्या गृहस्थाने सांगितलं होतं की गाडी कालपासून जागची हललेली नाही.

गाड्या तपासताना मामा जे जे करत त्यातलं निम्मं नाटक होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण ही गोष्ट नाटकातली नव्हती. ही त्यांना खरोखर कळत होती. जुनी गाडी बघायची तर इंजिन थंड असताना बघावी. सकाळी पहिल्यांदा चालू होताना इंजिन आपली सगळी दुखणी सांगून टाकतं. एकदा तापलं की तेही चारचौघांत शहाण्यासारखं वागायला लागतं. गिऱ्हाईक यायच्या आधी कोणी गाडी तापवून ठेवली असेल, तर तिथे काहीतरी झाकायचं आहे एवढं समजायचं आणि चहा न घेता घरी जायचं.

"काय मामा?" भाचीने हळूच विचारलं.

"थांब जरा, छोटी."

छोटी एकतीस वर्षांची होती आणि मामांपेक्षा चार बोटं उंच. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती नोकरी करायची. तिची आई, म्हणजे मामांची मोठी बहीण, सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हा मामांनीच खटपट करून बापलेकीला आपल्या इमारतीत तळमजल्यावर जागा मिळवून दिली होती. गेल्या वर्षी भाऊजींच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात वाजता डायलिसिस. भाड्याची गाडी कधी यायची, कधी यायची नाही, आणि उशीर झाला की मशीनची वेळ दुसऱ्या पेशंटला जायची. शेवटी छोटीने ड्रायव्हिंग क्लास लावला. तू स्टिअरिंगसमोर दात काढायला आल्यासारखी बसतेस, असं तिथले सर तिला म्हणायचे. तरी ती शिकली. मग गाडी शोधायला लागली. नवी परवडणार नव्हती, आणि जुनी गाडी बघायची म्हटल्यावर त्या इमारतीत मामांशिवाय दुसरं नाव कोणाला सुचणार?

मामा बसच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होते, हे खरं. तिथे काय होते, हे कोणी विचारलं नव्हतं आणि मामांनी सांगितलं नव्हतं. ते जॉब कार्ड लिहायचे. ड्रायव्हर खिडकीपाशी येऊन आपलं गाऱ्हाणं मांडायचा आणि मामा ते सुवाच्य अक्षरात कार्डावर उतरवायचे. ब्रेक लावला की डावीकडे ओढते. चढावर दम टाकते. तिसऱ्या गिअरला कुरकुर. कार्ड फिटरकडे जायचं, बस दुरुस्त होऊन बाहेर पडायची, मामा शिक्का मारायचे. चौतीस वर्षांत गाड्यांच्या तमाम दुखण्यांची नावं त्यांना पाठ झाली. पाना मात्र एकदाही हातात धरला नाही. गाडी चालवायलाही ते शिकले नाहीत. आधी गरज पडली नाही, आणि नंतर वर्कशॉपमधल्या माणसाने शिकायला जायचं तरी कुठल्या तोंडाने?

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले एकदा त्यांना गाडी बघायला सोबत घेऊन गेले. मीटरवर आकडा अगदी लहान होता, पण क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं मामांना दिसलं. "मीटर कमी चाललाय, पाय जास्त चाललेत," ते सहज म्हणाले. विकणाऱ्याचा चेहरा पडला. इन्शुरन्सवाल्यांनी ते वाक्य इमारतभर फिरवलं, आणि महिन्याभरात अशी ख्याती झाली की मामांनी नुसता हात लावला तरी गाडी त्यांच्याशी बोलते. इथे 'अहो, मी साधा कारकून' असं म्हणायला हवं होतं. मामा लाजल्यासारखे हसले. लाजणं खरं होतं, पण लोकांना तो विनय वाटला.

मग पद्धत तयार झाली. दारांच्या फटींवरून बोट फिरवायचं. एकीकडे फट रुंद आणि दुसरीकडे अरुंद असली तर गाडी कुठेतरी धडकलेली. डिकीतला गालिचा उचलून वास घ्यायचा; ओलसर कुबट आला तर गाडी पाण्यात बुडालेली. टायरची एकच कड झिजलेली दिसली तर मान हलवायची. हे सगळं ऐकीव होतं, पण चुकीचं नव्हतं. शेवटी चक्कर मारायची वेळ आली की मामा पुढच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या शेजारी बसत. "चालवणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही, शेजारी बसणाऱ्याला येते," असं ते म्हणत. हे वाक्य त्यांनी गरजेपोटी बनवलं होतं. पण इतक्या लोकांनी त्याला माना डोलावल्या होत्या की आताशा ते त्यांना स्वतःलाही पटायला लागलं होतं.

फक्त मामींना सगळं माहीत होतं. "एक दिवस कोणीतरी किल्ली हातात ठेवेल, तेव्हा काय करणार आहात?" त्या विचारायच्या.

"ठेवत नाही कोणी," मामा म्हणायचे.

आज ठेवली.

"मी काय म्हणतो साहेब," तो गृहस्थ म्हणाला, "मी चालवली तर तुम्ही म्हणाल, आपली गाडी आपणच सांभाळून नेली. तुम्ही वर्कशॉपचे, असं ताई म्हणाल्या. मग तुमच्यापुढे मी काय बोलणार? तुम्हीच एक चक्कर मारून या." आणि त्याने किल्ली मामांच्या हातात दिली. बॉनेटवरून नुकताच उचललेला तो हात अजून कोमट होता.

"हो मामा, तुम्हीच चालवा," छोटी म्हणाली. "मला या गल्लीत नाही जमायचं. आणि तुम्हाला गाडी चालवताना मी कधी बघितलंच नाहीये." तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

बॉनेट गरम आहे, असं म्हणावं तर तो म्हणणार, मग उद्या थंड असताना या आणि तुम्हीच चालू करून बघा. कुठूनही निघालं तरी वाट त्या किल्लीपाशीच येत होती. दुसरी एक वाट होती. 'मला गाडी येत नाही.' चार शब्द. ते चार शब्द मामांच्या घशापर्यंत आले, हे खोटं नाही. पण समोर छोटी उभी होती. आई गेल्यापासून ती जगातल्या दोनच माणसांचं न विचारता ऐकत आली होती, आणि त्यातला एक आता डायलिसिसवर होता.

"काही गरज नाही," मामा म्हणाले. "हाताला कळलं मला." त्यांनी किल्ली परत केली. "घेऊन टाक, छोटी. चांगली आहे."

त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर क्षणभर नवल उमटलं. मग तो हसला. एका सोंगाड्याने दुसऱ्याला ओळखावं तसं ते हसू होतं, आणि मामांनी चटकन नजर टायरांकडे वळवली. टायर चांगले होते.

पहिल्या आठवड्यातच छोटीचा फोन आला. "मामा, सकाळी चालू करताना जरा खोकते हो. मागून पांढरा धूर पण येतो."

"थंड असताना सगळ्याच गाड्यांना येतो," मामा म्हणाले. "थोडा वेळ चालू ठेवायची, मग निघायचं." वर्कशॉपचे फोरमन कटकट्या ड्रायव्हरांना याच सुरात वाटेला लावायचे. तो सूरही मामांना पाठ होता.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सव्वासहाला मामा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन उभे राहायला लागले. खाली छोटी भाऊजींना हात धरून आणायची, मागच्या सीटवर बसवायची, पाय आत घ्यायची. मग किल्ली फिरायची. गाडी खोकायची, अडखळायची, थरथरायची, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघायचा आणि एकदाची ती सुरू व्हायची. सुरू झाली की मामा आत जाऊन चहा प्यायचे. मामी नुसता कप पुढे सरकवायच्या.

चौथ्या आठवड्यात गाडी उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. छोटीने खाली उतरून हात केले. मागच्या गाड्यांनी आधी हॉर्न वाजवले आणि मग बाजूने वाट काढली. दुसरी गाडी मिळून दवाखान्यात पोहोचेपर्यंत अडीच तास गेले होते, भाऊजींच्या मशीनवर दुसरा पेशंट होता, आणि पुढची वेळ संध्याकाळची मिळाली. ती येईपर्यंत भाऊजींच्या छातीत पाणी चढलं. चार दिवस त्यांना दाखल करून ठेवावं लागलं. ते वाचले; पण पहिले दोन दिवस ते वाचतील असं कोणी छातीठोकपणे म्हणत नव्हतं.

मामा डबा घेऊन गेले तेव्हा छोटी वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. तिच्या बोटांना लॅबमधलं पांढरं प्लास्टर तसंच लागलेलं होतं.

"माझंच चुकलं मामा," ती म्हणाली.

"तुझं काय चुकलं?"

"मी क्लचवर पाय ठेवून चालवते. सर सारखे सांगायचे, ठेवू नकोस. आणि तो तापमानाचा काटा वर गेलेला मला दिसलाच नाही, मी घाबरून नुसती समोर बघत होते. तुम्ही एवढी पारखून दिलेली गाडी मी महिन्याभरात घालवली. बाबांना पण घालवलं असतं."

मामांनी तोंड उघडलं. त्याच वेळी नर्स बाहेर आली, पेशंटबरोबर कोण आहे म्हणाली, आणि छोटी उठून आत गेली. नर्स आली म्हणून मामांना हायसं वाटलं. असं वाटल्याची लाज मागोमाग आली आणि ती मात्र गेली नाही. डबा मांडीवर घेऊन ते बसून राहिले. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या बाकावर कळलं. आपला गुन्हा दुसऱ्याने स्वतःच्या डोक्यावर घ्यावा, वर आपल्यालाच शाबासकी द्यावी, आणि आपण ती घ्यावी.

छोटी परत आली. "एक काम कराल? गाडी नीट करून घ्या आणि विकून टाका. मी आता नाही चालवणार. माझा हातच वाईट आहे. तुमच्या शब्दावर कोणीही घेईल."

मामा गाडी ओढून ज्या गॅरेजवर घेऊन गेले, ते गॅरेज चालवणारा फिटर पूर्वी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये होता. मामांची हजारो कार्डं त्याने वाचली होती. त्याने इंजिन उघडलं, हेड उचललं, आणि त्याखालची पाणी अडवणारी पट्टी, काळं पडलेलं गॅस्केट, बोटाने वर धरून दाखवलं.

"हे आत्ताचं नाही, कार्डवाले. गाडी घेतानाच गेलेलं होतं. रात्रभर पाणी इंजिनात झिरपायचं. सकाळी खोकत असणार आणि पांढरा धूर सोडत असणार."

"हो."

"मग थंड असताना चालू करून बघितली नव्हती का कोणी? कोणी पास केली ही?"

"मी," मामा म्हणाले.

फिटर हसला. मामा हसले नाहीत, तेव्हा त्याचंही हसू ओसरलं. त्याने हात चिंधीला पुसले. बराच वेळ पुसले. "तुम्ही?" तो म्हणाला. "मला एक फोन करायचा होतात. मी आलो असतो."

"पोरीच्या चालवण्याने झालं असेल का? क्लचवर पाय ठेवला म्हणून?"

"क्लचचा आणि याचा संबंध काय? हे तुम्हालाही माहीत आहे. उलट त्या पोरीने महिनाभर ओढली ही, म्हणजे तिने सांभाळूनच चालवली." त्याने गॅस्केट टेबलावर ठेवलं. "कार्डवाले, एक सांगू? तुमची कार्डं फार नेमकी असायची. ड्रायव्हर काहीही बरळू दे, तुम्ही मोजून दोन ओळी लिहायचात आणि त्या बरोबर निघायच्या. म्हणून म्हणतो, तुम्हाला ही कळली नसेल हे मला पटत नाही."

"दुरुस्तीला किती दिवस?" मामांनी विचारलं. "आठ," फिटर म्हणाला.

आठ दिवसांत गाडी ठणठणीत होऊन आली. खर्च मामांनी केला, तेवढं तरी. मामांनी ती कव्हर घालून पार्किंगमध्ये लावायला सांगितली; लावली अर्थातच फिटरने. भाऊजी घरी आले होते आणि पुन्हा भाड्याची गाडी सुरू झाली होती. मामा रोज ठरवायचे, आज सांगायचं. तळमजल्यावर जायचे, भाऊजींची चौकशी करायचे, जिना चढून परत यायचे. मामी एकदाच म्हणाल्या, "तुम्हाला लाज वाटते म्हणून तिने पांगळं व्हायचं का?" आणि भाजी चिरत राहिल्या.

त्या बुधवारी सकाळी सहा वीसपर्यंत भाड्याची गाडी आली नाही. गॅलरीतून मामांना दिसत होतं. भाऊजी बूट घालून, स्वेटर चढवून फाटकाशी खुर्चीवर बसले होते आणि छोटी फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होती. फोन कोणी उचलत नसावं. एकदा ती कव्हर घातलेल्या गाडीपाशी थांबली, आणि पोळल्यासारखी मागे सरली. मामांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि घरच्या चपलांतच ते खाली उतरले.

"छोटी, गाडी काढ. दुरुस्त झाली आहे."

"नाही मामा. मला नाही जमणार."

"तुझ्यामुळे नव्हती बिघडली. ती घेतानाच बिघडलेली होती. फिटरने सांगितलं."

"तुम्ही बघितली होतीत ना?"

"मला गाडीतलं काही कळत नाही." शेवटी एकदाचं बाहेर पडलं. "मी वर्कशॉपमध्ये कार्ड लिहायचो. कारकून होतो. मला गाडी चालवता येत नाही, छोटी. कधीच येत नव्हती."

छोटीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. पण ते भलत्याच कारणासाठी. "माझं मन राखायला काहीही सांगू नका हो मामा," ती म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही किती खाली उतराल?"

"अहो, निम्म्या इमारतीच्या गाड्या तुम्ही निवडून दिल्यात," भाऊजी खुर्चीवरून थकलेलं हसत म्हणाले. "पोरीला बरं वाटावं म्हणून स्वतःला कशाला कमी लेखता?"

मामा थक्क झाले. इतकी वर्षं ज्या गोष्टीची भीती बाळगली, ती एकदाची सांगितली तर ती मोठेपणात जमा झाली. क्षणभर त्यांना वाटलं, सुटलो. सांगितलं, पटलं नाही, आता आपण काय करणार? पण छोटीने पुन्हा फोन कानाला लावला होता, आणि ती कव्हर घातलेल्या गाडीकडे पाठ करून उभी होती.

त्यांनी कव्हर ओढून काढलं, दार उघडलं आणि ते स्टिअरिंगसमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

सीट फार पुढे होती आणि गुडघे वर टेकत होते. सीट मागे कशी घ्यायची ते त्यांना माहीत नव्हतं. किल्लीचं भोक दिसेना. ते चाचपून सापडलं. पायाखाली काहीतरी तीन होतं. वरच्या मजल्यांवर एकेक दार वाजायला लागलं होतं. इन्शुरन्सवाले कुंड्यांना पाणी घालत होते, ते झारी धरून कठड्यावर वाकले. कोणीतरी कौतुकाने म्हणालंसुद्धा, "मामा स्वतः नेतायत वाटतं आज."

मामांनी किल्ली फिरवली. गाडी गिअरमध्येच होती. तिने एक आचका दिला, पुढे उडी मारली, भिंतीकडच्या सायकलींवर आदळली आणि बंद पडली. चार सायकली एकापाठोपाठ एक खडखडत आडव्या झाल्या. त्या आवाजाने राहिलेली दारंही उघडली. मामांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि पाय वर, हवेत उचलून धरले होते, कारण ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. वर बघायची त्यांची हिंमत होईना.

छोटी धावत आली. तिने उघड्या दारातून आत बघितलं. आधी मामांचा चेहरा, मग हात, मग ते अधांतरी पाय.

"छोटी," मामा म्हणाले, "ब्रेक कुठला?"

ती खाली बसली, आत हात घातला, आणि त्यांचं उजवं पाऊल घोट्याशी धरून एका पॅडलवर नेऊन ठेवलं.

"हा. मधला."

हात तसाच ठेवून तिने विचारलं, "त्या दिवशी बॉनेटला हात लावलात. तेव्हा तुम्हाला काय कळलं होतं?"

"गरम होतं. त्याने आधीच तापवून ठेवली होती."

"म्हणजे एवढं कळलं होतं तुम्हाला."

"हो."

"आणि पांढरा धूर येतो म्हणून मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही," मामा म्हणाले.

छोटीने हात काढून घेतला आणि उभी राहिली. तिने गुडघ्याची धूळ झटकली. ती ओरडली असती तर मामांना सोपं गेलं असतं. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ओळखीच्या घरात एखादी खोली आज पहिल्यांदाच दिसावी, तसं ते बघणं होतं. मग तिने मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

"उतरा," ती म्हणाली. "बाबांची वेळ होते आहे."

मामा उतरले. तिने भाऊजींना हात धरून आणलं, मागच्या सीटवर बसवलं, पाय आत घेतले. भाऊजी मामांकडे न बघता दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसले. छोटीने सीट मागे सरकवली, आरसा हलवला, पट्टा लावला, गिअर काढून दोन वेळा हलवून बघितला. दोन्ही हात चेहऱ्यावरून एकदा फिरवले. मग किल्ली फिरवली. थंडगार इंजिन एका दमात सुरू झालं. तिने गाडी सायकलींपासून हळूच मागे घेतली, वळवली, फाटकापाशी थांबून दोन्हीकडे बघितलं, आणि उजवीकडचा दिवा लावून बाहेर पडली. तिने मागे बघितलं नाही. रस्त्याच्या टोकापर्यंत तिने एकदाही ब्रेक दाबला नव्हता.

मामा सायकली उचलायला लागले. एक उभी केली की दुसरी कलंडायची.

"मामा, लागलं नाही ना?" वरून इन्शुरन्सवाल्यांनी विचारलं.

"नाही."

मग इन्शुरन्सवाल्यांनी घसा साफ केला. "नाही म्हणजे, जावयासाठी एक गाडी बघायला जायचं होतं रविवारी, म्हणून…"

मामांनी सायकल हातात धरूनच मान वर केली. गॅलऱ्यांमध्ये सगळे होते. तिसऱ्या मजल्यावर मामीही होत्या.

"मी वर्कशॉपमध्ये कार्डं लिहायचो," मामा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणाले. "मला गाडीतलं काही कळत नाही. दुसऱ्या कोणाला तरी घेऊन जा."

इन्शुरन्सवाल्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा कुंड्यांना पाणी घालायला लागले. मामांनी चौथी सायकल उभी केली, तिची घंटी वाकडी झाली होती ती हाताने सरळ केली. मग ते जिना चढू लागले. तीन मजले होते, आणि प्रत्येक मजल्यावरची दारं उघडी होती.